बडोद्याची मराठी दिवाळी आणि घरातली मुले

आपला मुलूख सोडून दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात घर केलेल्या कुटुंबाला सण साजरा करणे फारसे अवघड जात नाही. अवघड जाते ते तो सण मुलांचा करणे. मोठ्यांच्या मनात सणाची जुनी आठवण असते आणि ती थोड्याशा सामग्रीवरही वेळ भागवून नेते. पण ज्या मुलाचा जन्मच दूरच्या गावी झाला, त्याला तो आधार नसतो आणि म्हणून त्याला सण डोळ्यांनी दिसावा लागतो, हाताला लागावा लागतो आणि त्यात त्याच्या वाट्याचे काही काम असावे लागते. पिढ्यानपिढ्या गुजरातेत राहूनही आपली दिवाळी सांभाळणारी बडोद्यातील मराठी घरे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

बडोद्याला परमुलूख म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळते. पिलाजीराव गायकवाडांनी दक्षिण गुजरातेतील सोनगड येथे आपले ठाणे बसवले, १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेल्या सयाजीराव तिसऱ्यांनी १८७५ पासून १९३९ पर्यंतच्या कारकिर्दीत या नगरीला विद्येचे माहेरघर केले. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे राज्य ते हेच. मराठी साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा भरले. मात्र १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले आणि राजघराण्याची व दरबारी वर्तुळाची भाषा या गावात अल्पसंख्याकांची भाषा उरली. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांत मराठी अजून कानावर पडते. परंतु तेथील मुलांची शाळा गुजरातीत किंवा इंग्रजीत असते, सवंगडी गुजराती असतात आणि सणाचे वातावरणही गुजरातीच असते.

हे वातावरण मराठी दिवाळीला परके नाही, पण ते तिच्यासारखे हुबेहूबही नाही. दोन्हीकडे महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे असल्याने तिथी जुळतात; त्या तिथींचा भर मात्र वेगळा पडतो. मराठी घरात नरक चतुर्दशीचे सारे महत्त्व पहाटेला, तर गुजराती घरात त्याच तिथीला काळी चौदस म्हणतात आणि तिचा जोर संध्याकाळी व रात्री असतो: त्या दिवशी डोळ्यांत काजळ घालतात आणि घरातील बाई तळलेला वडा घेऊन चौकात जाते, तो तेथे ठेवून त्याभोवती पाण्याचे कडे काढते आणि मागे वळून न पाहता परतते. घरातील भांडणतंटा त्याबरोबर बाहेर गेला, अशी त्यामागची भावना आहे. त्याहून मोठा फरक पाडव्याचा. मराठी वर्ष शालिवाहन शकाप्रमाणे चैत्रात, गुढीपाडव्याला सुरू होते. गुजरातेतील विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे मराठी घरात बलिप्रतिपदेचे ओवाळणे चाललेले असते त्याच दिवशी शेजारी ‘बेसतुं वरस’, म्हणजे नववर्षाचा पहिला दिवस असतो. भल्या पहाटे ‘सबरस’ अशी हाळी देत मिठाच्या पुड्या विकणारी पोरे दारावर येतात, कारण नव्या वर्षाची पहिली खरेदी मिठाची करणे शुभ मानले जाते, आणि उजाडल्यावर ‘साल मुबारक’ म्हणत लोक एकमेकांच्या घरी जातात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणाऱ्या मुलांच्या हातावर पैसे ठेवण्याची रीत असल्याने मराठी मुलेही या फेरीत मागे राहत नाहीत, हे सांगायला नको. कधी तिथींच्या घटीपळांमुळे अमावास्या आणि प्रतिपदा यांच्या सणांमध्ये एक दिवस मोकळा पडतो. गुजरातीत त्याला ‘धोको’ म्हणतात. एका वर्षात दोन नववर्षे कशी, हा मुलाचा प्रश्न बडोद्यात हमखास येतो आणि पंचांग शिकवायला त्याहून चांगली संधी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

हवामानाचा प्रश्न निराळा आहे. अभ्यंगस्नान, म्हणजे अंगाला कोमट तिळाचे तेल चोळून, उटणे लावून सूर्योदयापूर्वी केलेले स्नान, हे थंडीच्या चाहुलीशी जोडलेले आहे. कोरड्या वाऱ्याने त्वचा फुटू लागते तेव्हा तेल ती मऊ ठेवते, तर वाळा, नागरमोथा, चंदन, कचोरा यांचे भरड उटणे जादा तेल आणि मळ काढून टाकते. बडोद्यात दिवाळीच्या सुमारास दुपारचा पारा बहुधा ३५ अंशांच्या आसपास असतो. गारवा मिळतो तो पहाटेचाच, आणि म्हणूनच मुलांना अंधारात उठवण्याचा जुना आग्रह येथे सोडून चालत नाही. सकाळी आठ वाजता, ऊन चढल्यावर घातलेली तेलाची आंघोळ मुलाला त्रासाची वाटते. पहाटे पाच वाजता, दारात पणती आणि अंगावर उटण्याचा वास असताना तीच त्याला सणाची वाटते. स्नानाच्या वेळी पायाच्या अंगठ्याने चिरडायचे कारीट, म्हणजे नरकासुराचे प्रतीक मानलेले कडू रानफळ, कोकणाबाहेर सहज मिळत नाही. ते न मिळाल्यास गोष्ट सांगावी आणि पुढे जावे, त्याच्यावाचून सण अडत नाही.

मुलांच्या दिवाळीचा खरा गाभा म्हणजे किल्ला, आणि तो बांधताना बडोद्याच्या जमिनीची गाठ पडते. शहराच्या परिसरात गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित गाळाची भुसभुशीत माती आणि कापसाची काळी माती अशा दोन्ही सापडतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीचा किल्ला येथील उन्हात दुसऱ्याच दिवशी तडकतो. नुसती गोराडू कडा धरत नाही. दोन्ही कालवून त्यात थोडा भुसा मिसळला, विटा-दगडांच्या राशीवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले आणि त्यावर हे मिश्रण थापले, तर बुरूज उभे राहतात. उतारांवर पेरलेली मोहरी किंवा अळीव तीन-चार दिवसांत हिरवी दिसू लागते, मात्र तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे लागते आणि दुपारी सावली करावी लागते. ही राखण मुलांकडे सोपवावी, कारण सणाची जबाबदारी मुलाच्या अंगावर येते ती अशा कामातून. मातीसाठी मुलांना विश्वामित्रीच्या काठावर मात्र कधीही पाठवू नये. शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरींची वस्ती आहे.

बडोद्यातील मुलांनी रायगड, प्रतापगड जरूर करावेत, पण ज्या गडावरून गायकवाडांच्या सत्तेचा पाय गुजरातेत रोवला गेला तो सोनगड त्यांच्या अंगणात का नसावा? शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पावागड आहे, २००४ पासून तो चांपानेरसह जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे आणि विश्वामित्रीचा उगमही त्याच डोंगरात होतो. सुटीत एक दिवस हा गड पाहून आलेले मूल परतल्यावर जो किल्ला करील, तो चित्रावरून केलेल्या किल्ल्याहून निराळा असेल. जेथे राहतो त्या भूमीचा इतिहास आणि जेथून आलो त्या भूमीचा इतिहास यांची अशी सांगड घालण्याचे भाग्य महाराष्ट्राबाहेरच्या थोड्याच मराठी कुटुंबांना लाभले आहे, आणि ते वाया जाताना पाहून वाईट वाटते.

स्वयंपाकघरात ही सांगड कधीच घातली गेली आहे. बडोद्याची सेव-उसळ, म्हणजे मराठी उसळीवर गुजराती सेव, हा त्याचा बारमाही पुरावा. दिवाळीत तो करंजी आणि घुघरा यांच्या शेजारात दिसतो. दोन्ही अर्धचंद्राकृती आणि तळलेले, परंतु करंजीत खोबऱ्याचे सारण आणि तिची कड पितळी कातण्याने कापलेली, तर घुघऱ्यात बहुधा रवा किंवा मावा आणि त्याची कड बोटांनी चिमटत, दुमडत वेणीसारखी वळलेली. कातणे फिरवणे चार-पाच वर्षांच्या मुलालाही जमते. घुघऱ्याची कड मात्र शेजारच्या आजीकडे बसूनच शिकावी लागते. चकली, अनारसे यांच्याबरोबर ताटात मठिया आणि चोळाफळी येतात, आणि त्यांना फराळाबाहेर ठेवण्याचा हट्ट कोणी धरू नये.

आणखी दूर गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज मॉरिशसमध्ये राहतात. ते बेट दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे कार्तिकात उन्हाळा सुरू होतो, तरी दिवाळी तेथे सार्वजनिक सुटीचा सण आहे. सिंगापूरमध्येही दिवाळीला सुटी असते, पण विषुववृत्ताजवळच्या त्या शहरात वर्षभर उकाडा असल्याने थंडीची चाहूल ही कल्पनाच मुलांना सांगून समजवावी लागते. तेथील उंच इमारतींत अंगण नाही, म्हणून किल्ला गॅलरीतल्या परातीत बसवता येतो. ऋतू सोबत नेता येत नाही. तेल, उटणे, माती आणि पीठ मात्र कोठेही मिळते.

भाषेचे तसे नाही, आणि बडोद्याच्या बाबतीत काळजीची जागा हीच आहे. सण टिकला, फराळ टिकला, घरात बोलणेही बहुतांशी टिकले, पण गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांचे मराठी वाचन मागे पडले. हिंदीसाठी देवनागरी शिकलेल्या मुलाला लिपीची अडचण येत नाही. अडते ते सवयीवर. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, त्याच वर्षी बडोद्यात साहित्य संमेलन भरले होते, शतकाहून जुनी असलेली ही दिवाळी अंकांची परंपरा मुलांसाठीही आहे आणि बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती येत आहे. गुजरातेतील शाळांना दिवाळीत सुमारे तीन आठवडे सुटी असते आणि नववर्षापासून लाभपंचमीपर्यंत बाजाराचा बराच भाग बंद राहतो, तेव्हा घरात बसून वाचण्यासाठी याहून सोयीचा काळ नाही. फराळाच्या सामानाची यादी करतानाच मुलांच्या एका दिवाळी अंकाची मागणी नोंदवावी, आणि तो आल्यावर मुलांच्या हातात देऊन न थांबता रोज रात्री त्यातील एक गोष्ट त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.