चारही चाकांना जोर, तरी गाडी का रुतते?

नवी ऑफरोड गाडी येणार अशी कुणकुण लागली की हौशी मंडळींच्या मागण्या सुरू होतात. पेट्रोलमध्येही फोर बाय फोर द्या. डिफरन्शियल लॉक सगळ्या मॉडेलांत द्या. पाच दारे हवीत, पण गाडी लांब करू नका. स्नॉर्केल कारखान्यातूनच बसवून द्या. २०२०ची थार, २०२३ची पाच दारांची जिम्नी, २०२४ची पाच दारांची गुरखा आणि त्याच वर्षीची थार रॉक्स, प्रत्येक गाडीच्या आधी ही यादी फिरली. महाराष्ट्रात ती जरा जास्तच हिरिरीने फिरते आणि ते साहजिकही आहे. थार नाशिकला तयार होते, गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स पुण्याची, आणि चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलिस जीप जोडायला सुरुवात केली ती मुंबईच्या माझगावात.

यादीतल्या बऱ्याच मागण्या मला मनापासून पटतात. पण काहींच्या मागची समजूत चुकीची असते. त्या समजुतीपायी लाखभर रुपये नको तिथे जातात आणि पावसाळ्यात कधी जिवावरही बेतते.

"फोर बाय फोर आहे, मग अडेल कशाला?"

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज हाच. एक्सलच्या मधोमध जो गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. डांबरी रस्त्यावर त्याच्यावाचून चालणार नाही. मात्र साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल तर ते फिरवायला जोर लागतच नाही. मग पक्क्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही.

फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडते. डाव्या-उजव्या चाकांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी खड्ड्यावर लोंबले की ती दोन चाके गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. बांधावरून तिरके उतरताना हे हमखास घडते.

यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. तो लागला की एक्सलवरची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला जोर मिळतो. गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत, ते चालकाने स्वतः लावायचे. तीन दारांच्या थारमध्ये मागचा यांत्रिक लॉक चाकांच्या गतीतला फरक वाढला की आपोआप लागतो. रॉक्समध्ये तो बटणावर आहे. जिम्नीत लॉकच नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवण्याची व्यवस्था आहे. ही व्यवस्था वाटते त्यापेक्षा बरीच चांगली चालते. मात्र ती चाक घसरू लागल्यावरच जागी होते आणि चालकाने एक्सिलरेटर धीराने दाबून ठेवावा लागतो. पाय उचलला की ती सुटते, आणि नवशिका नेमका तिथेच पाय उचलतो.

माझ्या मते मागच्या एक्सलचा लॉक ही यादीतली पहिली मागणी असावी, मोठ्या स्क्रीनच्या कितीतरी आधी. पुढचा लॉक असला तर उत्तमच, पण तो लावल्यावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी नीट वळत नाही. तो अगदी अडल्यावरच लावायचा.

याच गैरसमजाची दुसरी बाजू घाटात दिसते. पाऊस लागला, आता फोर बाय फोर लावून टाकू म्हणजे गाडी सुरक्षित, असे अनेकांना वाटते. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांची फोर बाय फोर यंत्रणा गरजेपुरती लावायची आहे. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल तिच्यात नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर थोडा घसरतो आणि तो ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर तो निघायला वाट नसते, त्यामुळे शाफ्ट आणि गिअरवर साठत जातो. आणि ब्रेकचे म्हणाल, तर ते प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. उतारावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि वेग ठरवतात. फोर बाय फोरने ते अंतर घटत नाही.

"इंजिन दांडगे हवे"

१९८५ साली मारुती जिप्सी आली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे आणि ताकद ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपची ६०. दोन्ही गाड्यांनी आपापल्या काळात भल्याभल्या वाटा पार केल्या, कारण त्या हलक्या होत्या आणि त्यांना लो रेंज होती. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस गिअरचे प्रमाण आणखी खाली आणते. जिम्नीत ते साधारण दुप्पट होते, म्हणजे तिचे १३४ न्यूटन-मीटर चाकांपर्यंत पोचताना दुप्पट जोराने पोचतात आणि गाडी चालण्याच्या वेगाने दगडांवर चढते. दगडधोंड्यांत वेग हा शत्रूच. म्हणून "लो रेंजशिवाय ऑफरोड म्हणू नका" हा हौशींचा आग्रह रास्त आहे. दीडशे हॉर्सपॉवरचा आनंद महामार्गावर आणि वाळूत मिळतो.

"ग्राउंड क्लिअरन्स किती, ते सांगा!"

हा आकडा गाडीच्या पोटाखालच्या सर्वांत खालच्या जागेचा असतो आणि तो एकटा फारसे सांगत नाही. त्याच्या जोडीला तीन कोन पाहावे लागतात: समोरचा बंपर न घासता किती चढ गाठता येईल, मागचा बंपर न टेकता किती उतार सोडता येईल, आणि उंचवटा ओलांडताना पोट कधी टेकेल. तिसरा कोन मुख्यतः व्हीलबेसवर ठरतो, आणि हौशींच्या यादीतला मोठा पेच इथेच आहे.

जिम्नीचेच पाहा. परदेशी जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर आहे आणि पोटाचा कोन २८ अंश. आपल्याकडच्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९०, म्हणून तोच कोन २४ अंशांवर आला. ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींचा २१० मिलिमीटरच आहे. थारचा व्हीलबेस २४५०, रॉक्सचा २८५०; तिथेही हेच झाले. मागे दोन दारे आणि ऐसपैस जागा मिळाली, उंचवट्यावर पोट लवकर टेकू लागले आणि वळायला जागा जास्त लागू लागली. रॉक्समध्ये वळताना आतले मागचे चाक ब्रेकने धरून ठेवण्याची सोय दिली आहे ती याच अडचणीवर. घरात चार माणसे असतील तर पाच दारे मागण्यात काहीच वावगे नाही. फक्त लांब गाडीकडून आखूड गाडीचे कसब मागता येत नाही, म्हणून तीन दारांची आवृत्ती विक्रीत राहावी हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. तीन दारांची जिम्नी भारतातच तयार होऊन निर्यात होते आणि इथे विकली जात नाही, याची हळहळ अनेकांना वाटते ती याच कारणाने.

"लॅडर फ्रेम आणि सलग एक्सल नसेल तर ती ऑफरोड गाडीच नाही"

निम्मे खरे आहे. सलग एक्सलवर एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते, आणि डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा कमी होत नाही. जिम्नीला असे एक्सल पुढे-मागे दोन्हीकडे आहेत, जीप रँग्लरलाही. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी मात्र खडबडीत रस्त्यावर वेगात जास्त स्थिर राहते. २०२०च्या थारचे पुढचे सस्पेन्शन तसे आहे आणि तिला कोणी लेचीपेची म्हणत नाही. नव्या लँड रोव्हर डिफेंडरला तर वेगळी फ्रेमच नाही, चारही चाके स्वतंत्र आहेत, आणि तरीही अवघड वाटांवर ती भल्याभल्यांच्या पुढे जाते. तिची खरी अडचण दुरुस्तीची आहे. दुर्गम भागात सेन्सर बिघडला तर गावातला मेकॅनिक हतबल होतो, तेच पाट्यांची जुनी जीप तो हातोडी-पान्यावर चालू करून देतो. साधेपणाची मागणी करायची ती या कारणासाठी.

"स्नॉर्केल बसवले की पाण्याची भीती नाही"

हा गैरसमज जीव घेऊ शकतो. स्नॉर्केल इंजिनाची हवा घ्यायची जागा उंचावर नेते, एवढेच त्याचे काम. धुळीच्या वाटेवर त्याचा उपयोग आहे आणि पाण्यातही आहे, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पण दारांतून आत येणारे पाणी, वायरिंग आणि अल्टरनेटर यांवर स्नॉर्केलचा काही इलाज नाही. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढतो. ऑइल दुधाळ दिसू लागले तर समजावे की पाणी गेले. म्हणून एक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या उंचावर नेलेल्या असणे स्नॉर्केलइतकेच गरजेचे आहे. ही मागणी फार कमी लोक करतात.

थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाणी चालते असे कंपन्या सांगतात. हे आकडे संथ पाणी, पक्का तळ आणि हळू वेग धरून असतात. वाहत्या पाण्याला ते लागू नाहीत. अमेरिकेची हवामान सेवा कित्येक वर्षे सांगत आली आहे की साधारण ३० सेंटिमीटर वेगवान पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या, त्यात एसयूव्हीही आल्या. म्हणजे गाडी वाहून जायला लागणारी खोली कंपनीच्या मर्यादेच्या आतच आहे. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी जाग्यावर आहे की खचली, हे वरून कळत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडेच उभी करावी, मग ती कोणतीही असो.

"गाडी घेऊ, बाकीचे बाहेरून बसवू"

मोठे टायर, उंच सस्पेन्शन, लोखंडी बंपर. बाजारात सगळे मिळते. कायदा मात्र वेगळे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. त्यामागे कारण आहे: समोरून धडक बसली तर गार्डमुळे धक्का थेट चासीला जातो, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित चुकू शकते आणि समोरच्या पादचाऱ्याला जबर इजा होते. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, आणि लो रेंजचा जो जोर आपण पैसे मोजून घेतला तोही काही अंशी कमी होतो.

त्यामुळे जे हवे ते कारखान्यातूनच मागणे हाच सरळ मार्ग आहे. सुरुवात टायरपासून करावी. चांगले ऑल-टेरेन टायर आपल्याकडच्या बहुतेक वाटांना पुरतात. खोल खाचांचे चिखलाचे टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतात, आणि हौशी माणसाचाही बहुतेक प्रवास डांबरावरच होतो. वाळूत किंवा मऊ मातीत टायरमधली हवा कमी केली की जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि अडलेली गाडी पुष्कळदा तेवढ्यानेच निघते. नंतर हवा भरायला गाडीतच कंप्रेसर हवा. मात्र वाळू म्हणून समुद्रकिनारा गाठू नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. कासच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की एकदा उमटलेले चाकोरीचे वण लवकर बुजत नाहीत.

आणि टोचनचे हुक. रुतलेली गाडी ओढताना लोक दोर बंपरला, एक्सलला, नाहीतर मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला बांधतात. झटक्याने तो गोळा तुटला तर दोरासकट गोळीसारखा उडतो आणि यात माणसे दगावली आहेत. अनेक गाड्यांसोबत मिळणारा स्क्रूने बसवायचा हुक सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता असतो, चिखलातल्या झटक्यासाठी नाही. नव्या गाडीसाठी कंपनीला पत्र लिहिणार असाल तर मागचा लॉक, लो रेंज आणि उंचावरच्या श्वासनळ्या यांच्या जोडीला चासीलाच पक्के केलेले, गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसणारे हुक मागा. पुढेही, मागेही, आणि सर्वांत स्वस्त मॉडेलपासून.