लेकीचा हिस्सा आणि हक्कसोडपत्राची सही

वडील कधी वारले, या एका प्रश्नावर देशभरातल्या लेकींचे दावे वर्षानुवर्षं अडून होते. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार ठरली. पण त्या तारखेआधीच वडील गेले असतील तर? हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०१५ मध्ये म्हणालं. २०१८ मध्ये दुसऱ्या खंडपीठानं तशाच प्रकरणात मुलींना हिस्सा दिला. हा घोळ ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मिटवला. हक्क जन्मानं मिळतो. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची गरज नाही.

फरक केवढा पडतो ते पाहा. आई आधीच वारलेली, एक मुलगा, एक मुलगी. जुन्या नियमानं मिळकतीचे आधी बापलेकात दोन भाग मानायचे, मग वडिलांचा अर्धा भाग दोन्ही मुलांत वाटायचा. मुलाला बारा आणे, मुलीला चार. आता दोघांना आठ-आठ आणे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच हे पाऊल उचललं होतं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीनं त्यांनाही आत घेतलं.

‘वाटणी तर तेव्हाच तोंडी झाली होती,’ हा भावांचा नेहमीचा बचाव. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी कायम राहते. तोंडी वाटणी मात्र सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, आणि तीही अपवाद म्हणून, मानली जाईल. मला विनीता शर्मा निकालाचा सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. मेलेल्या माणसांच्या नावावर खपवलेल्या वाटण्यांना त्यानं चाप लावला.

तरीही हिस्सा जातो, आणि तो बहुतेकदा कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचतच नाही. वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात, पाठोपाठ हक्कसोडपत्राचा विषय निघतो. ‘ताई, कर्जाच्या कागदासाठी हवंय, नुसती सही कर.’ माहेर तुटेल या धास्तीनं ती दुय्यम निबंधकापुढे उभी राहते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायचं तर फसवणूक किंवा दबाव तिनंच सिद्ध करायचा, तोही फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावून. म्हणून त्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक बहिणीनं तो आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

सातबाऱ्यावर नाव लागायचं राहिलं म्हणून मात्र कुणी हबकू नये. फेरफार नोंदीनं मालकी मिळतही नाही, जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. ‘मला काही नको’ असं चारचौघांत बोलल्यानंही जमिनीतला हिस्सा सुटत नाही.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट निराळी. तिचं मृत्युपत्र ते हवं तसं करू शकतात. गोव्यात तसं नाही. तिथल्या वारसा कायद्यात अर्धा वाटा मुलामुलींसाठी राखीव असतो.

अनुसूचित जमातींना हा हिंदू वारसा कायदा लागूच होत नाही, त्यामुळे आदिवासी लेकी या साऱ्याच्या बाहेर राहिल्या. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समानतेच्या तत्त्वावर मुलीच्या वारसांना आजोळच्या मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला. मुलींना वगळणारी रूढी आहे असं गृहीत धरून चालणार नाही, ती सिद्ध व्हावी लागते, असं न्यायालयानं बजावलं. गडचिरोली, नंदुरबारच्या बहिणींच्या दाव्यांत आता या निकालाचा आधार घेता येईल.