स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा

४ जुलै २०२५ रोजी बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असलेल्या ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांना हॅम म्हणजेच हौशी रेडिओवरून प्रश्न विचारले. बोलणे जेमतेम दहा मिनिटे चालले. त्यानंतर काही दिवसांनी मेघालयातील उमियमच्या ईशान्य अंतराळ उपयोजन केंद्रातूनही असाच संवाद झाला. त्याच मोहिमेत शुक्ला यांच्या व्हिडिओवरून झालेल्या भेटी अधिक गाजल्या आणि ते साहजिकच होते. पडद्यावर तरंगणारा माणूस दिसतो, रेडिओवर खरखरीतून येणारा नुसता आवाज ऐकू येतो. तरीही शाळेच्या दृष्टीने या दोहोंत रेडिओवरचा संवाद अधिक मोलाचा आहे आणि सातारा-सांगलीकडच्या शाळांनी तो मनावर घ्यावा, असे माझे मत आहे. व्हिडिओ भेटीसाठी शाळेने वेळेवर पडद्यासमोर येऊन बसले की पुरते. रेडिओवर बोलायचे तर आवाज वर कसा जातो, खाली कसा येतो आणि मध्येच का तुटतो हे मुलांना आधी शिकावे लागते. त्या दहा मिनिटांचे खरे मोल या शिकण्यात आहे.

या प्रकाराला आता चाळीस वर्षे होऊन गेली. १९८३च्या अखेरीस कोलंबिया यानातून गेलेल्या ओवेन गॅरियट यांनी सोबत हॅम रेडिओचा संच नेला आणि कक्षेतून हौशी रेडिओचालकांशी बोलणारे ते पहिले अंतराळवीर ठरले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर होते आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांच्याशी केलेले बोलणे साऱ्या देशाने ऐकले. त्या काळी भारतात अंतराळवीराशी बोलणे हा पंतप्रधानांच्या पातळीवरचा प्रसंग होता. २१ डिसेंबर २००० रोजी शिकागोजवळच्या ल्यूथर बरबँक शाळेतील मुले नव्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचे पहिले कमांडर बिल शेफर्ड यांच्याशी बोलली आणि स्थानकावरचा शालेय उपक्रम सुरू झाला. तेव्हापासून ‘एरिस’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून जगभरात असे हजाराहून अधिक संवाद झाले आहेत. तो चालवणारे बहुतेक जण परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत, आपला वेळ ते विनामोबदला देतात आणि शाळेकडून संवादाचे शुल्क घेतले जात नाही. शाळेला द्यावी लागते ती योजना: मुलांना काय शिकवणार, कोणत्या वर्गांना सामावून घेणार, संवादानंतर काय करणार. या अटीवरूनच कळते की हा उपक्रम शिक्षणासाठी आखलेला आहे.

आता संपर्क जुळतो कसा ते पाहू. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ताशी जवळपास अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरते आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण करते. त्याच्या रेडिओचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून स्थानक क्षितिजाच्या वर असेल तोवरच ते ऐकू येते. चारशे किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २,३०० किलोमीटर दूर असते. त्यामुळे ते बरोबर डोक्यावरून गेले तरी उगवण्यापासून मावळण्यापर्यंत दहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. क्षितिजाशी असताना ते माथ्यावर असतानाच्या पाच-सहा पट लांब असते, म्हणून तिथून येणारा संदेश तीस पटींनी क्षीण होतो. शिवाय ते जवळ येत असताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वर सरकते आणि दूर जाताना तेवढीच खाली येते. रुळांवरून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपणारी ही गोष्ट इथे मुलांना हाताने सांभाळावी लागते, कारण दुर्लक्ष केले तर आवाज फाटतो.

यात भूगोलही येतो, तोही आपल्याच गावचा. साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आहे, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. स्थानक नेहमी पश्चिमेच्या बाजूने उगवते, म्हणजे शहरात उभे राहिले तर पहिली मिनिटे डोंगराआड जातात. सर्व बाजूंनी क्षितिजापासून दहा अंशांपर्यंत आकाश झाकलेले असेल, तर दहा मिनिटांच्या फेरीतली जवळपास चार मिनिटे हातची जातात. सांगली कृष्णाकाठच्या सपाटीवर आहे, तिथे क्षितिज बरेच खुले मिळते. मग साताऱ्यातल्या शाळेने अँटेना कुठे उभारावी? गच्चीवर, गावाबाहेरच्या माळावर की यवतेश्वराच्या पठारावर? या प्रश्नाचे उत्तर काढायला कोनमापन, नकाशा आणि त्रिकोणमिती लागते, आणि ते उत्तर चुकले की नाही हे संवादाच्या दिवशी सगळ्यांना ऐकू येते. तास आणि तारीख ठरवतानाही असाच हिशेब करावा लागतो. स्थानकाचे घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालते आणि तिथली सकाळ सहाला होते, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा वाजता. सकाळच्या सत्रातल्या शाळेला मुलांना दुपारपर्यंत थांबवावे लागेल. कक्षा थोडीथोडी सरकत असल्याने नेमकी वेळ फार आधी सांगता येत नाही, हेही मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: व्हिडिओवर चेहरा दिसतो, आवाज स्वच्छ येतो, मग खरखर ऐकायची कशाला? व्हिडिओचा मार्ग कसा असतो ते पाहिले की उत्तर सापडते. स्थानकावरचे चित्र आधी छत्तीस हजार किलोमीटर उंचीच्या दुवा-उपग्रहांकडे जाते, तिथून अमेरिकेतल्या भूकेंद्रावर, मग नियंत्रण कक्षातून इंटरनेटवर आणि शेवटी शाळेच्या पडद्यावर येते. या साखळीतली एकही कडी शाळेच्या हाती नसते. रेडिओवर मात्र मुलीच्या तोंडचा शब्द गच्चीवरच्या अँटेनातून थेट स्थानकावर पोहोचतो, मध्ये कोणी नसते, आणि अंतर इतके थोडे की उशीर कानाला जाणवतही नाही. चेहरा दिसण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. लहान मुलांसाठी तोच पुरेसा असेल. पण आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला आपण काय देऊ इच्छितो हा प्रश्न आहे. १४५.८ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २ मीटर ६ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साधारण ५१ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची तार कापून तिने स्थानक ऐकले की तरंगलांबी हा शब्द त्या विद्यार्थ्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला सरधोपट उत्तर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप, विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी, तिथे फिरणाऱ्या यागी अँटेना आणि प्रक्षेपण संच कुठून येणार? संपूर्ण भूकेंद्र उभारणे खर्चाचे आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच एरिसमध्ये दुसरी सोयही आहे. दुसऱ्या देशातले एखादे सुसज्ज हौशी केंद्र स्थानकाशी संपर्क साधते आणि शाळेचा आवाज दूरध्वनीच्या दुव्याने तिथे पोहोचतो. यात खर्च वाचतो, मात्र शिकण्याचा मोठा भागही वाचतो, म्हणून मी याला दुय्यम मानतो. त्याहून बरा मार्ग जिल्ह्यातच आहे. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात आहे आणि तिच्या शाळा गावोगावी आहेत. भूकेंद्र एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने उभारावे, प्रश्न आणि तयारी आसपासच्या पाच-दहा शाळांनी करावी, अशी वाटणी केली तर कोणावरच भार येत नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी याहून अवघड काम केले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीने कक्षेत सोडला आणि त्याचे संदेशवहन हौशी रेडिओच्याच पट्ट्यात होते. त्याआधी मे २००५ मध्ये इस्रोने खास हौशी रेडिओचालकांसाठी ‘हॅमसॅट’ पाठवला, तो २०१४ पर्यंत चालला.

शिवाय बोलण्याआधी ऐकता येते, आणि त्याला फार खर्च नाही. स्थानकावरून अधूनमधून चित्रे आवाजाच्या रूपात पाठवली जातात. त्याच १४५.८०० मेगाहर्ट्झवर दोन मिनिटे चिवचिवाटासारखा सूर येतो आणि मोबाइलवरचे ॲप तो ऐकून ओळीओळीने चित्र उभे करते. शाळेने सुरुवात इथून करावी असे मला वाटते. फेरीच्या वेळा काढणे, अँटेना स्थानकाच्या दिशेने फिरवत राहणे, आलेल्या चित्रात पांढरे पट्टे कुठे पडले आणि त्या वेळी स्थानक कोणत्या डोंगरामागे होते हे ताडून पाहणे, एवढे सहामाहीत झाले तरी पुढच्या अर्जात लिहायला शाळेकडे खरा अनुभव असेल.

तिसरे म्हणणे असे की बोलायला मिळते ती दहा-वीस मुले, बाकीच्यांनी काय करायचे? संवाद म्हणजे फक्त मायक्रोफोनपुढची रांग असे धरले तर हे खरे आहे. पण एका प्रश्नाला उत्तरासह अर्ध्या मिनिटाहून फारसा वेळ मिळत नाही. दोनशे प्रश्नांतून वीस निवडायचे, प्रत्येक दोन ओळींत बसवायचा, उत्तर इंटरनेटवर सहज मिळत असेल तर तो गाळायचा, हे काम साऱ्या शाळेचे आहे. नकाशावर स्थानकाचा मार्ग रेखाटणारे, घड्याळ सांभाळणारे, उत्तरे टिपून घेणारे वेगळे लागतात. भाषेची अडचणही पुढे केली जाते. हौशी रेडिओच्या नियमांना हवे असते ते उघड, सर्वांना कळेल असे बोलणे. सांकेतिक भाषेला मनाई आहे, कोणत्याही एका भाषेची सक्ती नाही. भाषा ठरते ती समोरच्या अंतराळवीरावरून, आणि बहुतेकदा ती इंग्रजी असते. पण प्रश्न मराठीत विचार करून घडवावा, वर्गात मराठीतून त्याची चर्चा व्हावी आणि शेवटी त्याची दोन इंग्रजी वाक्ये तयार करावीत, यात माझ्या मते तोटा काहीच नाही. प्रश्नाची धार त्यामागच्या विचारातून येते. इंग्रजी बोलण्याच्या सराईतपणावरून मुले निवडली, तर मात्र उपक्रमाचा हेतूच हरवेल.

मोबाइलच्या जमान्यात रेडिओ शिकून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी या दोन जिल्ह्यांचा इतिहास आठवावा. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनानगरला भूकंप झाला. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीने महापूर पाहिला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर दरडी कोसळल्या. वीज गेली की मोबाइलचे मनोरे काही तासांत मुके होतात. अशा वेळी बॅटरीवर चालणारा संच आणि तो वापरता येणारा माणूस कामी येतो. १९९३च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी निरोपांची ने-आण केली. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानचा संपर्क टिकवण्यात पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम केंद्राचा मोठा हात होता. अंतराळवीराशी बोलण्यासाठी जे शिकावे लागते तेच इथे लागते: थोडक्यात बोलणे, समोरच्याचे पूर्ण ऐकणे, ‘ओव्हर’ म्हणून थांबणे, क्षीण आवाजातून नेमका शब्द पकडणे. भारतात हौशी रेडिओच्या परवान्यासाठी वयाची बारा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे, म्हणून शाळेच्या संवादात परवानाधारक रेडिओचालक आणि आवश्यक त्या परवानग्या हव्यातच. यामुळेच प्रत्येक तालुक्यात एक-दोन शिक्षकांनी ही परीक्षा द्यावी असा माझा आग्रह आहे. शिक्षक तयार झाला की मुले त्याच्या मागोमाग येतात, आणि सातवीतली मुलगीही स्वतःचे संकेतनाम मिळवू शकते.

वेळ मात्र फार नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे काम २०३०च्या सुमारास थांबवून ते समुद्रात उतरवण्याची तयारी नासाने सुरू केली आहे. भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारायचे ठरले आहे, म्हणजे मधली काही वर्षे शाळांना वर कोणाशी बोलता येईल याची खात्री देता येत नाही. शाळेचा अर्ज, निवड आणि प्रत्यक्ष संवाद यांत अनेक महिने जातात, कित्येकदा वर्ष उलटते. त्यामुळे ज्या शाळेला हे करायचे आहे तिने येत्या शैक्षणिक वर्षातच ऐकण्याचे केंद्र सुरू करावे, निदान एका शिक्षकाचे नाव परवाना परीक्षेसाठी नोंदवावे आणि अँटेनाची जागा ठरवायला मुलांना कोनमापक देऊन गच्चीवर पाठवावे.