न गळणारी लोंबी

रानटी भाताचा दाणा पिकला की लोंबीपासून सुटून आपोआप गळतो. त्या गवताला हवंच असतं ते. दाणा म्हणजे बी, ते मातीत पडायला पाहिजे. माणसाने मात्र हजारो वर्षं न गळणाऱ्या लोंब्यांचंच बी राखून पेरलं. आज आपल्या शेतातलं भात कुणी कापून, झोडून पेरल्याशिवाय नीट पसरतही नाही. कापणीतली ही देवाणघेवाण मला तर सगळ्यात भारी वाटते!

म्हणूनच की काय, पहिल्या लोंब्या थेट स्वयंपाकघरात जात नाहीत. कोकणात त्या आंब्याची पानं आणि कुरडूच्या फुलांसोबत बांधून दाराला लावतात. हे ‘नवं’. दिवस गावागणिक वेगळा; पुष्कळ ठिकाणी आश्विन पौर्णिमा, म्हणून ती नवान्न पौर्णिमा.

गोव्यात ख्रिस्ती समाजही कणसांचं फेस्त करतो. राय गावात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला. पाद्री नव्या कणसांना आशीर्वाद देतात. गंमत म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक शेतं हिरवीच असतात, आभार मात्र आधीच मानून झालेले!

तुमच्याकडे नव्यात काय काय बांधतात?