खुराड्यातील गोचीड

कोंबडीचा तुरा फिका पडतो, अंडी घटतात, परंतु दिवसा पिसे चाळून काहीच सापडत नाही. अशा वेळी कोंबडीपेक्षा खुराडे तपासावे. ही गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत व दांड्यांच्या सांध्यांत दडते आणि रात्री बाहेर पडून रक्त शोषते. रात्री बॅटरी घेऊन पाहिल्यास खात्री पटते.

रक्तक्षयाहून मोठा धोका तिच्यामार्फत पसरणाऱ्या स्पायरोकीटॉसिस या रोगाचा. ताप, हिरवी विष्ठा व पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगातही अशी लक्षणे आढळत असल्याने निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. पहिल्यावर पेनिसिलीन गुणकारी आहे. मानमोडीवर लसीखेरीज उपाय नाही, आणि तीही आधीच टोचलेली हवी.

खुराडे महिना-दोन महिने रिकामे ठेवणे व्यर्थ होय, कारण गोचीड रक्तावाचून वर्षाहून अधिक काळ जगते. भेगांत उकळते पाणी ओतून त्या लिंपाव्यात व वर चुना द्यावा. पिकांवरील औषध खुराड्यात फवारू नये.

बाजारातून आणलेली कोंबडी दहा दिवस निराळ्या डालग्याखाली ठेवावी. पंखांखाली चिकटलेली गोचिडीची पिले तेवढ्या अवधीत गळून पडतात. नंतर ते डालगे उकळत्या पाण्याने धुवावे.