जखम भरली, डागाचं काय?

अमरावतीचा राजकमल चौक, संध्याकाळचा ट्रॅफिक आणि शेजारच्या बाइकचा तापलेला सायलेन्सर... पोटरीला चटका बसतोच! काही आठवड्यांत जखम भरते, डाग मात्र मुक्काम ठोकतो. मग अकोल्याचा मित्र फोनवर सांगतो, ‘टेन्शन काहून घेतं बे? आता स्टेम सेलनं डाग गायब होते म्हणे!’ खरंच?

आधी डागाचा फंडा समजून घेऊ. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजनचे धागे चटईसारखे विणलेले असतात. जखम खोल असली की शरीराला घाई असते. इन्फेक्शन शिरण्याआधी भोक बुजवायचं, बस्स! त्यामुळे धागे विणले न जाता एकाच दिशेनं रचले जातात. तिथं केस उगवत नाहीत, घामही येत नाही. आणि भाजलेली जागा सांध्यावर असेल तर प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. व्रण आखडतो, कोपर किंवा बोटं सरळ होत नाहीत.

इथं ‘स्कॅफोल्ड’ कामाला येतो. कारल्याच्या वेलाला आपण मांडव घालतो ना, तसंच! जखमेवर सच्छिद्र जाळी ठेवायची. आजूबाजूच्या पेशी तिच्यात शिरतात, तिच्या आधारानं नवं कोलॅजन रचतात आणि जाळी हळूहळू विरघळते. अमेरिकेत जॉन बर्क आणि आयोनिस यानास यांनी १९८१ मध्ये अशी कृत्रिम त्वचा भाजलेल्या पेशंट्सवर वापरून दाखवली. गाईच्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कूर्चेतला पदार्थ मिसळून! आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून ‘कोलेडर्म’ तयार केलं. २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं.

मग स्टेम सेल कुठं आले? ते या जाळीत पेरायचे, ही पुढची आयडिया. ते स्वतः त्वचा बनतातच असं नाही. रासायनिक सिग्नल सोडून ते सूज आवरतात, नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात. प्राण्यांवरचे रिझल्ट्स छान आहेत, माणसांवरचे प्रयोग अजून छोटे आहेत. म्हणूनच आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार क्लिनिकल ट्रायलबाहेर अशी ट्रीटमेंट देता येत नाही. ट्रायल असेल तर त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी डागासाठी ‘स्टेम सेल पॅकेज’चा रेट सांगितला, की थेट सीटीआरआय रजिस्ट्रेशन नंबर विचारा. उत्तर गोलमोल आलं, तर सरळ बाहेर पडा!

गंभीर भाजलेल्या पेशंटला वाचवणारा मांडव मात्र आपल्याच हातात आहे : त्वचादान. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये २००० साली स्किन बँक सुरू झाली, नागपूरच्या ऑरेंज सिटी हॉस्पिटलमध्ये २०१४ मध्ये. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय, पाठीवरचा फक्त पातळ थर घेतात. ग्लिसरॉलमध्ये तो पाच वर्षांपर्यंत टिकतो. स्वतःची त्वचा लावेपर्यंत तो पेशंटच्या जखमेचं तात्पुरतं पांघरूण होतो.

आणि सायलेन्सरचा चटका? लगेच वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाय धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही नको. फोड मोठा असेल तर डॉक्टरला दाखवा. चटका जितका कमी खोल उतरेल, तितका डाग हलका. आणि याचं पॅकेज एकदम फ्री!