परदेशातील स्थानिक कंत्राटी सेवकांचे सेवासमाप्ती वेतन

अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी संस्थेचे स्वयंसेवक साधारणतः दोन वर्षांसाठी परदेशी जातात आणि मायदेशी परततात. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे भारतातील कार्य १९७६ मध्ये थांबले. ज्या देशांत ते चालते, तेथील कार्यालयाचा गाडा मात्र भाषाशिक्षक, वाहनचालक, हिशेबनीस, पहारेकरी अशा स्थानिक सेवकांच्याच बळावर चालतो. त्यांच्यापैकी अनेकांची नेमणूक व्यक्तिगत सेवा कराराने होते.

असा सेवक अमेरिकी केंद्रीय कर्मचारी गणला जात नाही. त्यामुळे नोकरी सुटल्यावर त्याचा मुख्य आधार म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशाचा कामगार कायदा. भारतात १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देण्याची तरतूद झाली. फिलिपिन्समधील मोजमापही याच्या जवळचे आहे. तेथे कर्मचारीकपात झाल्यास एक महिन्याचे वेतन किंवा दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचे वेतन, यांपैकी अधिक असेल ती रक्कम देय होते. म्हणजे २० वर्षे सेवा केलेल्या चालकाचे १० महिन्यांचे वेतन.

खरी अडचण हिशेबाची आहे. हे देणे वर्षानुवर्षे थोडेथोडे साचत जाते. सरकारी संस्थेचा दैनंदिन खर्च मात्र प्रामुख्याने वार्षिक मंजुरीवर चालतो आणि मंजुरीबाहेर खर्च करण्यास अमेरिकी कायद्याची मनाई आहे. एखाद्या देशातील कार्यालय अचानक बंद झाले, तर २० वर्षांचे देणे एकाच वर्षाच्या तरतुदीतून कसे भागवायचे? त्याची झळ चालू कामाला तरी बसणार किंवा सेवकाला तरी.

यावर उपाय म्हणून अमेरिकी कोषागारात अशा सेवकांसाठी स्वतंत्र निधी कायद्याने निर्माण करण्यात आला. सेवा घडत असतानाच तिच्यापोटी रक्कम बाजूला काढायची आणि आर्थिक वर्ष संपले तरी ती परत जाऊ द्यायची नाही, अशी ही साधी व्यवस्था आहे. आपल्याकडील शहाणा गृहस्थही मुलीच्या लग्नाची रक्कम याच रीतीने साठवीत असे.

अशा तरतुदीची निकड काल्पनिक नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे संस्थेने सुमारे ६० देशांतील जवळपास ७,००० स्वयंसेवक एकाच वेळी माघारी बोलाविले. विमाने त्यांना घेऊन गेली. स्थानिक सेवक तेथेच राहिले.

निधीला एक मर्यादाही आहे. जेथे असे वेतन देण्यास कायदेशीर आधार आहे, त्याच देशांत तो वापरता येतो. अन्य देशांतील सेवकाला, त्याने कितीही वर्षे घालविली असली, तरी या निधीचा आधार नाही.